गार्डाविना सुटलेली गाडी

पुलगाव–आर्वीची छोटी गाडी तिच्या हयातीत काय काय विसरली असेल ते सांगता येत नाही. पण खुद्द गार्डालाच मागे टाकून पुढे गेल्याची नोंद तिच्या इतिहासात एकच आहे. ती गाडी बंद पडून कित्येक वर्षं झाल्यानंतरची आहे, आणि माझ्या वहीत आहे.

माझे बाबा त्या गाडीचे गार्ड होते. साहेबाच्या काळात कापूस वाहून नेण्यासाठी टाकलेली ती अरुंद रुळांची लाइन. एक इंजिन, चार डबे, आणि शेवटच्या डब्यात बाबा. गाडी बंद झाली तेव्हा ते शिट्टी, लाल-हिरव्या झेंड्या आणि एक कायमचा रुसलेला चेहरा घेऊन वर्ध्याला आमच्याकडे राहायला आले.

मागच्या हिवाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. "नजर आता फार दिवस राहणार नाही. काही पाहायचं असेल तर दाखवून घ्या. आणि दिवसाउजेडी दाखवा, सांज झाली की त्यांना आताही काही दिसत नाही."

बाबांना विचारलं, काय पाहायचं? काशी? रामेश्वर?

"आर्वीचं ठेसन," बाबा म्हणाले. "पन लाइनीलाइनीनं. एकेक ठेसन घेत. मधातून नोको नेजो मले."

मी कामाला लागले. माझं काम म्हणजे यादी. (लग्नात नवऱ्याने उखाण्याचा आग्रह धरला तेव्हा तोही मी यादीतून वाचला होता.) पाणी, बीपीच्या गोळ्या, टोपी, छत्री, डबा, झेंड्या, बाबांचा मोबाइल अशा एकतीस गोष्टी, प्रत्येकीपुढे खूण. शिवाय एक नवी वही: 'छोट्या गाडीचा इतिहास'. बाबा बोलतील, मी टिपून घेईन. आर्वीला फोन करून जुन्या स्टेशनच्या जागी चार ओळखीची माणसं शाल-हार घेऊन उभी राहतील याचीही सोय केली. सगळं चोख होतं. फक्त निघायची वेळ बाबांनी ठरवली.

"दुपारची गाडी अडीचची हाये. अडीचलेच सुटन."

"बाबा, दिवस लहान हायेत. सकाळी जाऊ ना."

"सकाळच्या गाडीवर माही ड्यूटी नाई."

पुलगावहून बरोबर अडीचला आमची कार सुटली. नवरा गाडी चालवायला, मी त्याच्या शेजारी वही घेऊन, बाबा मागे एकटे. गार्ड शेवटच्याच डब्यात बसतो. पहिलं स्टेशन म्हणजे एक भिंत आणि तिला टेकून वाळत घातलेल्या गोवऱ्या. बाबा उतरले, भिंतीला हात लावला, शिट्टी फुंकली, हिरवी झेंडी हलवली आणि सावकाश गाडीकडे निघाले. नवरा अदबीने थांबून राहिला.

"काऊन थांबले, जवाईबापू? झेंडी दाखवल्यावर गाडी थांबत नसते. गार्ड चालत्या गाडीत चढते."

"मामाजी, तुमचं वय काय?"

"गार्डाले वय नसते."

मी मध्ये पडले आणि नियम तयार केला. (हा माझा दुसरा गुण.) बाबांनी आधी आत बसायचं, दार लावायचं, मग काचेतून झेंडी दाखवायची. दाराचा आवाज आला आणि झेंडी दिसली, की गाडी सोडायची. दुसऱ्या स्टेशनावर नियम उत्तम चालला. तिथे स्टेशनच उरलं नव्हतं, तूर उभी होती. बाबांनी तुरीलाच झेंडी दाखवली.

तिसऱ्या स्टेशनावर फलाटाचे दगड शाबूत होते. बाबा बराच वेळ त्यावर चालत राहिले. इकडे मी दुसऱ्या स्टेशनाबद्दल लिहीत होते आणि नवरा घड्याळ पाहत होता. धप्पकन दार लागलं. आरशात हिरवी झेंडी हलली. आम्ही सुटलो.

"बाबा, यापुढं पान्याची टाकी होती ना?" मी वहीतून मान वर न काढता विचारलं.

उत्तर नाही. बाबा रुसले की बोलत नाहीत, त्यामुळे मी लिहिलं: 'टाकी होती. बाबांचा मूक होकार.'

"इंजिनात पानी कोन भरे?" 'नाव आठवत नाही.'

"चढावर लोक उतरून पायी चालत, हे खरं का?" 'या प्रश्नावर बाबा भावुक झाले.'

अशी मी दोन पानं भरली.

आर्वीला माणसं उभीच होती. एका काकांनी हार उघडून धरला, दुसऱ्यांनी मागचं दार उघडलं. आत डबा होता, टोपी होती, छत्री होती.

"हार कोनाले घालू, बाई?" काकांनी विचारलं.

बाबांना फोन लावला. तो सीटवरच्या पिशवीत वाजला. यादीत त्याच्यापुढे खूण होतीच. मग उलगडलं: बाबांनी हातातली छत्री आत टाकून दार लावलं होतं, आणि फलाटावर उभं राहून, तीस वर्षं दाखवली तशी, झेंडी दाखवली होती.

नवऱ्याने गाडी वळवली आणि वेगात मागे काढली. सूर्य त्याहून भराभर खाली येत होता, आणि तो माझ्या कुठल्याच यादीत नव्हता.

बाबा फलाटाच्या दगडावर बसले होते. शेजारी बकऱ्या चारणारी एक बाई त्यांच्या सोबतीला थांबली होती.

"मी म्हनलं, बाबाजी, तुमाले सोडून गेले का लोकं?" ती मला सांगू लागली. "तं म्हनते कसे, सिंगल लाइन हाये, जाईन कुठी? याच वाटेनं वापस येते."

"आली ना मंग?" बाबा म्हणाले. आणि मग, हळू, "एक डाव नव्हती आली. बंद पडली तवा."

मी त्यांचा हात धरून उठवलं. तेव्हा कळलं, ते दगड पायाने चाचपत होते.

"बाबा, चला आर्वीले. लोकं थांबून हायेत."

"चल. पन आता दिसत नाई मले काई. तूच पाह्य आन् सांग."

सांगायला माझ्याकडे वहीच होती. मी यावेळी मागे त्यांच्याजवळ बसले आणि मोबाइलच्या उजेडात वाचत गेले. टाकी. इंजिनात पाणी भरणारा माणूस. चढ. बाबा कान देऊन ऐकत होते.

"टाकी तं अलीकडं होती. हे कोनं सांगतलं तुले?"

"तुमीच, बाबा."

ते इतके हसले की नवऱ्याने गाडी बाजूला घेतली. आर्वीचं स्टेशन त्यांनी हाताने पाहिलं: एक खांब, अर्धी भिंत, आणि हार घालणाऱ्या काकांचे खांदे. पुढे उन्हाळ्यापर्यंत नजर पूर्ण गेली. पुन्हा न्यायचं राहिलंच.

त्या दिवशी परत निघताना त्यांनी वही मागितली. गार्डाला रोज रिपोर्ट लिहावा लागतो, म्हणाले. न पाहता, ओळी सोडून, वाकडं लिहिलं: 'गाडी गार्डाविना सुटली. झेंडी गार्डानेच दाखवली. चूक गार्डाची.'

घरी आल्यावर मी शेवटचे दोन शब्द खोडले. मग एकतीस गोष्टींची यादी काढली, खाली नीट अक्षरात अनुक्रमांक बत्तीस घातला, 'बाबा' लिहिलं, आणि सवयीने पुढे खूणही करून टाकली.