केळीच्या पानांची तालीम

उजनी धरणाच्या फुगवट्यावर जलपर्णी माजली होती, पण आमचा कन्हेरीजवळचा तलाव अजून स्वच्छ होता. माझे सासरे, ज्यांना सगळा गाव आबा म्हणतो, लोकर कातरण्याआधी मेंढरं तिथंच धुवायचे. घरात उरली होती थोडीशी मेंढरं, पण आबांचा थाट अख्ख्या कळपाच्या मालकाचा.

मग सरकारी कार्यालयातून माणसं आली. जलपर्णी दिसल्याबरोबर कशी काढायची, याची रंगीत तालीम घ्यायची म्हणाली. मीही हौसेनं नाव दिलं. खोटी जलपर्णी म्हणून केळीची पानं पाण्यात टाकली. शिट्टी वाजली, दोर ताणले, होडी फिरली आणि आम्ही शेवटचं पानसुद्धा बाहेर काढलं. फोटो झाले, पोहे झाले. लढाई जिंकल्याच्या तोऱ्यात मी घरी आले.

होडी उजनीकाठच्या डाळजहून टेम्पोतून आणलेली. तळ घासू नये म्हणून तिकडचे मच्छीमार होडीखाली ओली जलपर्णी अंथरतात, आपण आंब्यांखाली गवत अंथरतो तशी. होडी उतरवताना ती जलपर्णी त्यांनी आमच्या काठावर टाकली. समारोपाचं भाषण कार्यालयाच्या साहेबांनी तिच्यावरच उभं राहून केलं.

पुढं कॅनॉलचं पाणी सुटलं, तलाव चढला आणि काठावरची ती जलपर्णी तरंगली. मी कार्यालयात फोन लावला. होडी दुसऱ्या गावच्या तालमीला गेली होती. आम्ही बायका हातांनी उपसत राहिलो. काढावी त्यापेक्षा जास्त उगवायची. फोन उचलणाऱ्याचा मला इतका संताप यायचा, की शेवटी मी फोन करणंच सोडलं.

एका सकाळी आबा मेंढीला कवटाळून काठाशी उभे होते. ती पाय पुढं टाकेना.

"पोरी, ह्यात कसं धुवायचं गं?"

मी म्हटलं, येतील ते लोक. पुढच्या बाजाराला आबांनी सगळी मेंढरं विकली. अंगणातली मेंढरांची पाणी प्यायची डोण मात्र अजूनही रोज सकाळी भरतात.

यंदा साहेब पुन्हा तालमीला आले. टेम्पोत केळीची पानं होती. सगळीकडं हिरवंगार बघून ते गोंधळले आणि पानं टाकायला मोकळं पाणी कुठं आहे, असं त्यांनी आबांनाच विचारलं.

"हितं न्हाय," आबा म्हणाले. "घरी चला. मेंढरांच्या डोणीत हाय थोडं."