हरलेल्या खटल्याचा चहा

दिगंबर वकील गेल्याची बातमी मला सांगितली ती त्याच्याविरुद्ध नेहमी उभ्या राहणाऱ्या वकिलाने. नांदुऱ्यातल्या माझ्या कापडदुकानात येऊन तो गादीवर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "गेला रे आपला दिगू... आता मी भांडू कोनाशी?" आणि चक्क रडायला लागला. जन्मभर ज्याच्याशी कडाकडा भांडलो त्याने आपल्यासाठी रडावं, हे भाग्य किती जणांना मिळतं? महिना होत आला. पण मला दिगूची आठवण आली की आधी हसूच येतं, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

शाळेपासूनचा माझा हा मित्र मलकापूरच्या कोर्टात वकिली करायचा. आवाज असा, की कानात काही सांगायला लागला तरी सगळ्या बाजाराला कळावं. कायद्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण त्याचा एक खटला मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला. महाराष्ट्र नुकताच झाला होता. सुखदेव नावाचा आमच्या नांदुऱ्याच्या मालधक्क्यावरचा हमाल, गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतला, दिवसभर कापसाच्या गाठी चढवायचा आणि दमला की किसनभाऊंच्या हॉटेलात चहाला जायचा. हॉटेलात म्हणजे हॉटेलाबाहेर. कडुलिंबाखाली दगडावर बसायचं, कान तुटलेल्या वेगळ्या कपात चहा प्यायचा आणि कप आपल्या हाताने धुऊन खिडकीत ठेवायचा. एक दिवस तो सरळ आत जाऊन बाकावर बसला. किसनभाऊंनी त्याला हाताला धरून उठवलं. सुखदेव तसाच दिगूकडे आला. म्हणाला, "कायदा झाला म्हन्तेत ना, वकीलसायेब? मंग मले बाकावर बसाचं हाये."

दिगूने अस्पृश्यतेच्या कायद्याखाली फिर्याद लावली. हॉटेलात त्या दिवशी दहाबारा जण होते, पण साक्षीच्या वेळी एक लेकीच्या गावी गेला आणि दुसऱ्याला त्या दिवसाचं काहीच आठवेना. शेवटी मॅजिस्ट्रेटसाहेबांनी किसनभाऊंना विचारलं, तर ते वकिलाने पढवल्यापेक्षा चार पावलं पुढे गेले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "सायेब, माह्या हाटेलात असं काई नाई. साऱ्याइले एकच कप. कोनंबी यावं, बाकावर बसावं, च्या घ्यावा!" ते सुटले. बाहेर आल्यावर पाहतो तर दिगूचा चेहरा नुसता फुललेला.

"आपून हारलो ना, वकीलसायेब?" सुखदेवने विचारलं.

"सपशेल हारलो."

"मंग हासता कायले?"

"उद्या सकाळी ये. त्यानं भर कोर्टात आवतन देलं, आपून गेलं पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे बाकावर जाऊन बसलो. सगळं हॉटेल आमच्याकडे बघत होतं. दिगूने ठेवणीतला आवाज लावला, "किसनभाऊ, काल सायबापुढं खरं बोलले का खोटं? खोटं असन तर सांगा, दहाच्या गाडीनं मी मलकापूरले सायबाकडं निघतो." किसनभाऊंनी चुलीवरचं आधण ढवळलं... मग म्हणाले, "तीन च्या." चहा संपला तसा सवयीने सुखदेव कप धुवायला उठला, तेव्हा किसनभाऊच खेकसले, "ठेव बे तितंच!" त्या खेकसण्याइतकं गोड बोलणं मी त्या हॉटेलात कधी ऐकलं नव्हतं. दिगू मात्र पुढे महिनाभर रोज सकाळी सुखदेवला घेऊन तिथे बसला. म्हणायचा, निकाल कोर्टात लागतो, पण त्याची अंमलबजावणी बाकावर बसूनच करावी लागते.

दिगूच्या तेरवीचं जेवण झाल्यावर मी आणि सुखदेव त्याच बाकावर जाऊन बसलो. सोबत त्याची धाकटी लेक होती, खटल्यानंतर जन्मलेली. बशीतला चहा फुंकत बसली होती. सुखदेव तिला म्हणाला, "बाई, वकीलआजोबानं आपल्याले या बाकावर बसवलं."

"मंग आंधी कुठं बसत होते तुमी?"

त्याने बाहेर कडुलिंबाकडे बोट केलं. तिने वाकून पाहिलं. "तितं? दगडावर? काऊन?"

सुखदेवने माझ्याकडे पाहिलं, मी गल्ल्यावर बसलेल्या किसनभाऊंकडे. ते खाली बघत होते. इतक्या तारखा पडल्या, दोन्ही वकील घसा फोडून बोलले, पण हे एवढं त्या कोर्टात कुणी विचारलंच नव्हतं. पोरीने बशी पुढे केली. "किसनकाका, अजून च्या द्या ना!"

किसनभाऊ गुडघ्यावर हात टेकवत उठले आणि स्वतः किटली घेऊन आले.