भिंतीच्या पोटातला पाइप

छपरावरून मिस्त्री धुराड्यात स्टीलचा पाइप सोडत होते आणि आई तिच्या खोलीत भिंतीला कान लावून उभी होती. पाचगणीतलं हे जुनं घर. खालच्या फायरप्लेसचं विटांचं धुराडं आईच्या पलंगामागूनच वर जातं. गेल्या थंडीत त्याच्या भेगांतून धूर खोलीत शिरला आणि आईला आम्ही बेशुद्धच बाहेर काढलं. त्यानंतर खाली जाळ केलेला नाही. आता धूर विटांना न लागता या पाइपातूनच वर जाणार होता.

भिंतीतली खरखर खाली येता येता एकदम थांबली.

"अडकला गं," आई म्हणाली.

मी खिडकीतून ओरडले, "ओढू नका, हळू फिरवा!"

जुनी वीट निखळली तर? भिंतीच्या पोटात काय चाललंय ते दिसत नाही, नुसतं ऐकत बसावं लागतं. मग खडखडाट झाला आणि पाइप सरकला.

संध्याकाळी जाळ केला. मी भिंतीला नाक लावून हुंगत राहिले. धूर नव्हता. आई नेहमीसारखी भिंतीला पाठ टेकून बसली. थोड्या वेळानं तिनं शाल ओढून घेतली.

"पूर्वीसारखी तापत नाही गं ही."

जी भिंत तिच्या जिवावर उठली होती, तिच्यातच आई अजून ऊब चाचपत होती.