गुरुवारचं जेवण

ऐंशीच्या दशकात बोईसरला आमच्या चाळीत पोरं बिघडायची वेळ ठरलेली होती. बऱ्याच पोरांचा बाप दुसऱ्या पाळीला, आई गावाकडे शेतावर, म्हणजे संध्याकाळी घरात विचारणारं कुणी नाही. भंगारवाल्या दादाची माणसं नेमकी तेव्हाच वडापाव चारायला यायची आणि पुढे त्याच पोरांना कारखान्यांतली तांब्याची तार चोरायला न्यायची.

चाळीतल्या एका फिटरकाकांनी मग त्याच वेळेला कबड्डी सुरू केली. पण खेळून भुकेजलेली पोरं पुन्हा वडापावच्याच मागे जात. तेव्हा काकांनी वार लावले. प्रत्येक पोरगा रोज वेगळ्या घरी जेवणार.

आमच्या वाट्याला गुरुवारी आलेला मुलगा एकदा तार चोरताना पकडला गेलेला होता. आई भडकली. "चोराला मी नाय वाढनार," असं तिने काकांना तोंडावर सांगितलं. काका हात जोडून उभेच राहिले, जागचे हलेनात. शेवटी तिने पितळेची भांडी माळ्यावर टाकली आणि उंबऱ्याजवळ त्याचं ताट मांडलं. मला तिचा रागच आला, आणि खरं सांगायचं तर त्या मुलाची भीतीही वाटली.

दुसऱ्या की तिसऱ्या गुरुवारी तो जेवत असताना दारात मोटरसायकल थांबली. "चल बे, दादा बुला रहा है." तो हातातला घास टाकून उठायला लागला. आई पिठाच्या हातांनीच दारात गेली.

"जेवतोय तो. दिसत नाय?"

"खाने दो. हम रुकेंगे."

आई परत येऊन भाकरी थापू लागली. एक वाढली, मग आणखी एक.

"मावशी, पोट भरलं," तो हळूच म्हणाला.

"गप जेव."

पीठ संपलं तेव्हा तिने मला मागच्या दाराने शेजारी पिटाळलं. शेजारणीने काही न विचारता अख्खा डबाच दिला. बाहेर हॉर्न वाजत होता. त्याच्या ताटात भाकऱ्यांची चळत झाली तरी आई थापतच राहिली. मोटरसायकलचा आवाज पार लांब गेला तेव्हा कुठे ती थांबली.

तो ताट घेऊन उठला. "जाऊ, मावशी?"

"कुठं जातोस? तुझा बापूस येईपर्यंत हितंच पड," आई म्हणाली. तिने त्याला आतल्या बाजूला चटई टाकून दिली आणि दाराला आतून कडी घातली.