साठ आणि साठ पॉइंट शून्य

"मॅडम, काम छोटं आहे. मनीषाच्या लॉगिनवरून तापमान सेट करता येऊ नये. एवढं लॉक बसवून द्या."

शेट्ये साहेबांनी चहा यायच्या आधीच सांगून टाकलं. ते रोह्याच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीचे प्रॉडक्शन मॅनेजर. मी पेणला राहते आणि अशा कंपन्यांची सॉफ्टवेअरची कामं घेते.

"काय केलं तिने?" मी विचारलं.

"कंट्रोल रूममध्ये बसल्यापासून दोनच बॅच केल्या, दोन्ही जाळल्या. साठ डिग्रीला ठेवायचा माल, पार तपकिरी झाला. बाकी कुणाच्या शिफ्टला असं होत नाही. मुलगी वाईट नाही हो, पण उद्या कुणाला इजा झाली तर?"

त्यांची काळजी खोटी नव्हती. दुसऱ्या वेळी अलार्म वाजला, तेव्हा मनीषानेच धावत जाऊन हाताने वाफ बंद केली होती. म्हणून निभावलं.

मी म्हटलं, "लॉक बसवते. आधी तिच्याशी बोलू दे."

मनीषाला तोवर पॅकिंगला हलवलं होतं; ती पोत्यांची तोंडं शिवत होती. जवळच्या निडी गावची मुलगी, आयटीआय झालेली. या कंपनीत पॅनलवर, म्हणजे कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर बसलेली पहिलीच बाई. माझ्याशी बोलताना ती मान वर करत नव्हती.

"मी साठच टाकलेला, मॅडम. पण समदे बोलतात चुकली, तर चुकलीच असेन. आता माझाच माझ्यावर विश्वास नाय."

"घरी काय म्हणतात?"

"घरी सांगितलाच नाय. पॅनलवरच हाय असा वाटतंय त्यांना."

मी तिला म्हटलं, "चल, कसं टाकलंस ते दाखव."

कंट्रोल रूममध्ये घरत म्हणून जुने ऑपरेटर होते. रिअ‍ॅक्टर, म्हणजे माल शिजवायची मोठी बंद टाकी, त्या दिवशी रिकामा होता. मी आधी घरतांना आकडा टाकायला सांगितलं, मग मनीषाला. 'सेट'चं बटण मात्र कुणालाच दाबू दिलं नाही.

घरतांनी टाकलं ६०.०. मनीषाने टाकलं ६०.

"घरतभाऊ, पॉइंट शून्य कशाला?"

"सवय, मॅडम. जुना स्क्रीन पॉइंटाशिवाय आकडा घ्यायचाच नाय. आम्ही समदे तसाच टाकतो."

मनीषा नवा स्क्रीन आल्यानंतर लागलेली. तिला ती सवय असायचं कारणच नव्हतं. मी लॅपटॉप उघडला.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. रिअ‍ॅक्टर चालवणारा मूळ प्रोग्रॅम जावा या भाषेत होता, बऱ्याच वर्षांपूर्वीचा. नवा स्क्रीन एका बाहेरच्या एजन्सीने पायथन या दुसऱ्या भाषेत केला होता. स्क्रीनवर आकडा टाकला की पायथन जावाला हाक मारायचं. प्रोग्रॅममधल्या एका कामाच्या तुकड्याला मेथड म्हणतात. जावात एकाच नावाच्या दोन मेथड ठेवता येतात. याला ओव्हरलोडिंग म्हणतात. हातात काय दिलं यावरून कुठली चालवायची ते ठरतं. आमच्या पेणजवळच्या हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात कारागिराला नुसतं "रंगव" म्हणतात. हातात बारीक ब्रश दिला असेल तर तो डोळे रंगवतो, स्प्रेगन दिली असेल तर अंग. शब्द एकच, कामं दोन.

जुन्या प्रोग्रॅममध्येही 'हीट' नावाच्या दोन मेथड निघाल्या. पॉइंटवाला आकडा दिला की अर्थ व्हायचा: साठ डिग्रीला जाऊन थांब. पूर्ण आकडा दिला की अर्थ व्हायचा: वाफेचा व्हॉल्व्ह साठ टक्के उघड. ही दुसरी मेथड मेंटेनन्सवाल्यांसाठी होती. जुना स्क्रीन नेहमी पॉइंटवालाच आकडा पाठवायचा, म्हणून कधी घोटाळा झाला नाही. पायथनला मात्र आकड्याचा प्रकार आधी सांगून ठेवावा लागत नाही. जसा टाइप केला तसा तो पुढे गेला, आणि दोन भाषांना जोडणाऱ्या पुलाने तो बघून मेथड निवडली. मनीषाचा साठ पूर्ण आकडा होता. व्हॉल्व्ह उघडला आणि उघडाच राहिला.

मी शेट्ये साहेबांना बोलावून हे सांगितलं. त्यांना पटलं नाही.

"साठ म्हणजे साठच ना, मॅडम. गणितात काय फरक आहे?"

"गणितात नाही. इथे आहे. पाणी भरून बघू या का?"

त्यांनी टाकीत पाणी घ्यायला लावलं. घरतांनी ६०.० टाकलं. तापमान चढलं आणि साठाच्या आसपास येऊन थांबलं. पाणी थंड करून घेतलं. मग मी मनीषाला बसवलं. तिचा हात कीबोर्डवर जाईना.

"मॅडम, परत तसाच झाला तर?"

"तसंच व्हायला हवंय," मी म्हटलं. "टाक."

तिने ६० टाकलं. तापमान पन्नास, साठ, सत्तर. थांबायचं नाव नाही. अलार्म वाजला, तशी ती उठली आणि घरतांच्या आधी वाफेच्या व्हॉल्व्हपाशी पोचली. परत आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मंजे मी नीटच टाकलेला."

"व्हय गो," घरत म्हणाले. "आम्हीच येड्यासारखे तुला बोलत राहिलो."

शेट्ये साहेबांनी स्क्रीनवरचं ६० पुन्हा एकदा वाचलं. मग त्यांनी पॅकिंगच्या सुपरवायझरला फोन लावला. "मनीषा आता तिकडे येणार नाही. दुसरं माणूस बघा." आणि तिच्याकडे वळून म्हणाले, "मी आधी मशीन तपासायला हवं होतं." एवढंच म्हणाले, पण सगळ्यांसमोर म्हणाले.

दुरुस्ती संध्याकाळच्या आत झाली. दोन मेथडना दोन नावं दिली आणि स्क्रीनवरून येणारा प्रत्येक आकडा पॉइंटवाला करूनच पुढे पाठवला. मनीषाला सावरायला त्याहून जास्त वेळ लागला. पुढे महिन्याभराने मी गेले तेव्हाही ती आकडा टाकल्यावर उठून व्हॉल्व्ह बघून यायची. मी तिला थांबवलं नाही.

एका नावाखाली दोन कामं ठेवायची असतील तर ती एकाच भाषेतून चालवावीत. मध्ये दुसरी भाषा येणार असेल तर सरळ दोन नावं द्यावीत. त्यात चार अक्षरं जास्त टाइप करावी लागतात, बाकी काही नाही.