सूतवाल्याचा काटा

नव्वदच्या सुमारास भिवंडीत धामणकर नाक्यावर एक सूतवाला बसायचा. गिऱ्हाईक दिसलं की तो सुतावर पाणी शिंपडायचा, मग सूत काट्यावर ठेवून भक्तिभावाने हात जोडायचा.

एकदा यंत्रमाग चालवणारा एक लूमवाला वाळलेलं सूत परत घेऊन आला. त्याच काट्यावर ते पाव किलो कमी भरलं.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. तिथून जाताना सूतवाल्याने मला हाक मारली. “सर, वस्तुमानाची ऊर्जा होते ना?”

“होते,” मी वर्गातल्यासारखं सुरू केलं, “पण रोजच्या वस्तूंत वजनातला फरक इतका बारीक, की कुठल्याच काट्यावर दिसायचा नाही.”

तो लूमवाल्याकडे वळला. “ऐकलंस? जे कुठल्याच काट्यावर दिसत न्हाय, ते आपल्या काट्यावर दिसलं! असा काटा अख्ख्या भिवंडीत हाय का?”

लूमवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू पाणी मीच शिंपडलं होतं.