कोटाच्या खांद्यातले कागद

आपलं माप आयुष्यात कधी चुकलं नाही, असं शिंपीकाम करणारे मास्तर स्वतःच सांगत आणि गिऱ्हाइकं निमूट मान डोलावत. मधुमेह निघाला तेव्हा सूनबाईने घरातलं गोड हद्दपार केलं. मास्तरांनी साळसूद चेहऱ्याने होकार दिला आणि दुसऱ्याच दिवशी चॉकलेट आणलं. तेही काळं, कडवट. कडू म्हणजे जवळजवळ औषधच, अशी मनाची समजूत.

वडी अस्तराच्या चिंधीत गुंडाळून मशीनच्या खणात जायची. वेष्टन मात्र कुठे टाकायचं? दुकानातला केर सूनबाईच काढायची. तिथे पुतळ्यावर नमुन्याचा एक कोट वर्षानुवर्षं चढवलेला होता. मास्तर त्याच्या खांद्याची शिवण जराशी उसवायचे, आत कागद सारायचे आणि वरून टाके घालायचे. इतकी सुबक शिवण गिऱ्हाइकाच्या नशिबी क्वचितच आली असेल.

साक्षीदार एकच, ठिगळ. पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग असलेला हा कुत्रा मशीनच्या पायाशी झोपायचा. सूनबाईची बोलणी बसली की मास्तर त्याच्याशीच बोलत. त्याला त्यांनी चॉकलेटचा तुकडा कधी दिला नाही. त्यात प्रेम कमी आणि वाटणीची भीती जास्त होती.

एका दुपारी ते गिऱ्हाइकाशी दारात बोलत राहिले आणि खण उघडा राहिला. परतले तर चिंधी ओली होऊन जमिनीवर पडलेली. थोड्या वेळाने ठिगळ धापा टाकू लागला, त्याचे पाय थरथरू लागले. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला उलटी व्हावी म्हणून ते मीठपाणी कालवत होते, तेवढ्यात सूनबाई आली.

"काय झालं त्याला?"

"काहीतरी खाल्लं वाटतं."

तिने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि दिसत होतं ते सगळं सांगितलं. "मीठपाणी अजिबात पाजू नका, त्यानेच जीव जायचा," डॉक्टर म्हणाले. "आधी सांगा, खाल्लंय काय?"

सूनबाईने सासऱ्यांकडे पाहिलं. गप्प राहिले तर अब्रू वाचणार होती आणि कुत्रा जाणार होता.

"चॉकलेट," मास्तर म्हणाले. "काळं."

"मग लगेच आणा. वेष्टन असेल तर तेही आणा, किती कडक आहे ते कळेल."

मास्तरांनी कात्री उचलून कोटाचा खांदा सरळ फाडला. कागदच कागद खाली पडले. सूनबाईने वरचा कागद उचलला, ठिगळला चादरीत घेतलं आणि गाडी काढली.

डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन उलटी करवली. "वडी पूर्ण खाल्ली?"

"अर्धी."

"नक्की?"

"उरलेली सकाळी मी खाल्ली होती," मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले.

संध्याकाळी ठिगळने शेपूट हलवली. मास्तरांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. सूनबाई कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "त्याला सांगता येत नाही, बाबा. तुम्हाला येतं. उद्या तुम्ही असेच पडलात, तर मी डॉक्टरांना काय सांगू? कोटाला विचारू?"



दुसऱ्या दिवशी ते कोट घेऊन बसले. टाके घालण्याआधी त्यांनी सूनबाईला हाक मारली आणि फाटलेला खांदा तिच्यापुढे धरला. तिने आत हात घालून नीट चाचपून पाहिलं. मग सुईत दोरा तिनेच ओवून दिला.